पेरय्या मास्तरांचा एक मार्क

पेदलंका गावात एकतीस वर्षं गणित शिकवून मट्टपर्ती पेरय्या मास्तर निवृत्त झाले, आणि त्या एकतीस वर्षांत त्यांनी कुणाला एक ग्रेस मार्क दिला असेल तर शपथ. पस्तीसला पास, चौतीसला नापास. मग तो सरपंचाचा मुलगा असो नाहीतर शाळेच्या शिपायाचा. बाप हात जोडून दारात उभा राहायचा, "मास्तर, एकाच मार्काचा प्रश्न आहे हो." मास्तर चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "एकाचाच आहे ना? मग पोराला सांगा, एकच मिळव."

बरं, माणूस खडूस म्हणावा तर तसंही नाही. नापास केलेल्या पोराला उन्हाळाभर स्वतःच्या ओसरीवर बसवून फुकट शिकवायचे, वर ताक पाजायचे. पण मार्काच्या बाबतीत त्यांना काळीज म्हणून नव्हतंच. निवृत्तीनंतर तपासायला पेपर उरले नाहीत, तेव्हा ते जगालाच तपासायला लागले. रावुलपालेमच्या बसला पंचावन्न, सरपंचाच्या भाषणाला एकोणचाळीस, बायको वरहालम्मांच्या वरणाला बासष्ट. एकदा वरहालम्मांच्या अंबाडीच्या चटणीला त्यांनी चौतीस दिले. बाईंनी ताटातली चटणी उचलली आणि म्हणाल्या, "नापास चटणी कशाला खाता, राहू द्या." पुढचे आठ दिवस मास्तर ताकभातावर होते.

ह्या चौतीस आकड्याला गावात मान होता. कारण वरहालम्मांचा सख्खा धाकटा भाऊ सत्तिबाबू. सत्तावीस वर्षांपूर्वी नववीच्या वार्षिक परीक्षेत ह्या सत्तिबाबूला गणितात चौतीस पडले. सख्खा मेहुणा, ताईच्या घरी राहून शिकणारा, रोज मास्तरांची सायकल पुसणारा. मास्तरांनी त्याला नापास केलं आणि त्याच दिवशी जेवताना त्याच्या पानात आग्रहाने भात वाढला. वरहालम्मांनी महिनाभर अबोला धरला. सत्तिबाबूने शाळा सोडली ती सोडलीच. पुढे त्याने बसथांब्यासमोर पेसरट्टूचं, म्हणजे मुगाच्या डोशांचं, हॉटेल टाकलं आणि वर पिवळ्या रंगात ठसठशीत पाटी लावली : '३४ टिफिन सेंटर'. बाहेरगावच्या लोकांना वाटायचं, इथे चौतीस प्रकार मिळत असतील. मिळायचे तीनच. मास्तर रोज सकाळी त्या पाटीखालून वाकून आत जायचे, पेसरट्टू खायचे आणि पाटीबद्दल एक अक्षर काढायचे नाहीत.

तर असल्या बापाच्या पोटी हिमबिंदू जन्माला आली. एकुलती एक. बापाकडेच गणित शिकली, नव्वद मिळाले तर बाप म्हणायचा "ठीक", पंच्याण्णव मिळाले तरी "ठीक". अठ्ठ्याण्णवला एकदा "बरं" म्हणाले होते, ते बिंदूने वहीच्या मागच्या पानावर तारखेसह लिहून ठेवलं होतं. इंजिनिअर झाली तेव्हाही "ठीक". मग तिने अमेरिकेत पुढे शिकायचं ठरवलं आणि जीआरईची परीक्षा द्यायला विजयवाड्याला गेली. शेजारच्या गावांतून घरटी एक पोर अमेरिकेत होतं. पेदलंकातून जाणारी ही पहिली.

त्या परीक्षेत एक वाईट सोय आहे. शेवटचं बटण दाबलं की आकडा तिथल्या तिथे पडद्यावर येतो, धीर धरायला सवड मिळत नाही. बिंदूच्या पडद्यावर आलं : दोनशे सत्त्याऐंशी. तिला हवे होते निदान तीनशे पाच. तिने डोळे मिटून पुन्हा उघडले. आकडा जाग्यावरच होता.

बाहेर येऊन ती रसवंतीच्या बाकावर बसली. उसाचा रस मागवला आणि प्यायलाच विसरली. तेवढ्यात फोन वाजला. नान्ना. नान्ना म्हणजे तिचे वडील. फोनवर ते नमस्कार-चमत्कार करत नसत.

"किती?"

"दोनशे सत्त्याऐंशी," बिंदू म्हणाली. खोटं बोलणं तिला जमत नव्हतं, मास्तरांच्या घरात कुणालाच जमत नसे.

"कितीपैकी?"

"तीनशे चाळीस. पण नान्ना, त्यात असं असतं की..."

पलीकडे मास्तर मनात भागाकार करत होते. मग ते म्हणाले, "चौऱ्याऐंशी पूर्णांक चार एक. म्हणजे डिस्टिंक्शन." आणि लेकीला लाडाने माय म्हणावं तसं पुढे म्हणाले, "शाब्बास, तल्ली."

आणि फोन ठेवला.

झालं. बावीस वर्षं जो शब्द ऐकायला ती तरसली, तो आला तोही चुकीच्या पत्त्यावर. कारण त्या परीक्षेची गोम अशी, की तिथे मार्क शून्यापासून सुरूच होत नाहीत, दोनशे साठपासून होतात. सगळी उत्तरं चुकवली तरी दोनशे साठ ठरलेले. त्याच्यावर जे काय मिळवाल ते तुमचं. बिंदूला रस पाजणाऱ्या बाईने विचारलं, "का गं रडतेस, नापास झालीस का?" बिंदू म्हणाली, "नाही हो, डिस्टिंक्शन मिळालं." बाईने तिला आणखी अर्धा ग्लास रस दिला.

ती गावात उतरेपर्यंत मास्तर चार घरं फिरले होते. ज्या माणसाने कधी कुणाच्या लग्नात वाढीव शब्द काढला नाही, तो माणूस बसथांब्यावर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला "चौऱ्याऐंशी पूर्णांक चार एक" सांगत होता. सरपंच गंगराजूने ताबडतोब जाहीर केलं, की रविवारी सकाळी रामाच्या देवळासमोर मांडव घालायचा, बिंदूचा सत्कार करायचा आणि मोठा फ्लेक्स लावायचा. गंगराजूला कुणाचाही सत्कार चालत असे, फ्लेक्सवर कोपऱ्यात स्वतःचा फोटो आला म्हणजे झालं.

बिंदूने सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. त्या संध्याकाळी ती बापाजवळ गेली, तर ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्या तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात ८४.४१ लिहीत होते. ती तशीच मागे फिरली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेली, तर ते दाढी करता करता गुणगुणत होते. नान्नांना गुणगुणता येतं हेच तिला माहीत नव्हतं. मग ती भाजी चिरणाऱ्या आईकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं.

वरहालम्मांची विळी थांबली. "म्हणजे तुला मार्क कमी पडले?"

"हो, अम्मा."

"आणि ह्यांचं गणित चुकलं?"

"शून्यापासून धरलं ना त्यांनी. तिथे चुकलं."

वरहालम्मांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते बिंदूने आईच्या अंगावर नवी साडी असतानाही पाहिलं नव्हतं. "ह्यांचं गणित चुकलं," त्या पुन्हा हळूच म्हणाल्या, चव घेत. "बिंदम्मा, परीक्षा काय, पुन्हा देशील. पण रविवारपर्यंत मला हे सुख भोगू दे बाई. मी कुणाला सांगत नाही." त्या दिवशी त्यांनी वरणाला इतकी झकास फोडणी दिली, की मास्तरांनी एकाहत्तर दिले.

फ्लेक्स छापायला रावुलपालेमला जायचं होतं, तेव्हा सत्तिबाबू भाचीला मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन गेला. फ्लेक्सवाला खुर्चीत मागे रेलून बसला होता. त्याने कागद वाचला, बिंदूकडे बघितलं, पुन्हा कागद वाचला.

"आकडा बरोबर आहे ना? तीनशेच्या वरचा तर नव्हता ना?"

"बरोबर आहे," बिंदू म्हणाली.

"नाही, म्हणजे ह्या महिन्यात मी अशा नऊ पोरांचे फ्लेक्स छापले. सगळ्यात लहान आकडा तीनशे सहा होता, आणि त्याच्या घरच्यांनी मला आकडा बारीक छाप म्हणून सांगितलं होतं." त्याने आवाज खाली आणला. "हा किती मोठा ठेवू?"

"मोठाच ठेव," सत्तिबाबू म्हणाला. "चौऱ्याऐंशी टक्के आहेत. पोरीला का भेडसावतोस?"

मग फ्लेक्सवाल्याने त्याला सगळं समजावून सांगितलं. समजावताना तो बिंदूची माफी मागितल्यासारखा अधूनमधून तिच्याकडे बघत होता. सत्तिबाबूने ऐकून घेतलं. बाहेर मोटारसायकलपाशी येईपर्यंत त्याने दम काढला, आणि मग टाकीवर डोकं टेकून असा हसला, की समोरच्या केळ्यांच्या वखारीतले हमाल काम सोडून बघायला आले.

"मामय्या, पुरे," बिंदू म्हणाली.

"बावगारूंचं गणित चुकलं," सत्तिबाबू डोळे पुसत म्हणाला. बहिणीच्या नवऱ्याला तो बावगारू म्हणायचा. "देवा, सत्तावीस वर्षं तुला नारळ फोडले, वाया नाही गेले." मग भाचीचा चेहरा बघून त्याने हसू आवरलं. "सांगितलं नाहीस होय त्यांना?"

"शाब्बास म्हणाले मला."

"कोण? बावगारू?"

"फोनवर. पहिल्यांदाच. आता खरं सांगितलं तर परत घेतील, मामय्या. तुम्हाला माहिती आहेत ना ते."

सत्तिबाबूला माहिती होतं. त्याने किक मारली, मग गाडी बंद केली. "हे बघ, मी तोंड उघडणार नाही. पण तू उघड. रावुलपालेमचा कुणीतरी शहाणा रस्त्यावरून जाताना तो फ्लेक्स वाचेल आणि मास्तरांना भर चौकात शिकवेल. तसं व्हायला नको. त्या माणसाला गणित शिकवायचं तर घरच्यानेच शिकवावं."

बिंदूने मान डोलावली, आणि रविवार उजाडेपर्यंत तिला तोंड काही उघडता आलं नाही.

रविवारी मांडव भरला. फ्लेक्सवर बिंदू, तिच्या डोक्याभोवती तेजोवलय, मागे अमेरिकेचे उंच इमले, पुढे २८७ एवढा मोठा की लांबून कुणाला तो ट्रकचा नंबर वाटावा. कोपऱ्यात गंगराजू हात जोडून. बायकांनी पुलिहोऱ्याचं, म्हणजे चिंचेच्या भाताचं, पातेलं आणलं होतं. गंगराजूने भाषण केलं, "मी स्वतः मास्तरांचा विद्यार्थी, त्यांनी मला नववीत दोनदा घडवलं." लोक हसले. मग मास्तर उठले. शाल घ्यायला म्हणून नव्हे. त्यांनी शाळेतून फळा मागवून ठेवला होता. ते म्हणाले, "नुसता आकडा सांगून उपयोग नाही. रीत दाखवली पाहिजे." आणि खडूने सुरेख अक्षरात लिहिलं : २८७ भागिले ३४० गुणिले १००.

बिंदूला ते बघवेना. आणखी एक ओळ लिहिली गेली असती तर ते चुकीचं गणित नान्नांच्या हाताने अख्ख्या गावासमोर पुरं झालं असतं. ती उठली, फळ्याजवळ गेली, आणि बापाच्या हातातून खडू घेतला. आजवर कुणी घेतला नव्हता.

"नान्ना, इथे रीत चुकली. शून्यापासून नाही धरायचं. दोनशे साठपासून." तिने शेजारी लिहिलं : २८७ वजा २६०, सत्तावीस. ३४० वजा २६०, ऐंशी. "ऐंशीपैकी सत्तावीस मिळाले मला. कमी पडले. मी त्या दिवशीच सांगणार होते."

गंगराजूने आपला फ्लेक्सवरचा फोटो एकदा मान वळवून बघितला. मास्तर फळ्याकडे बघत उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. बिचाऱ्यांचा इलाज नव्हता. समोर भागाकार दिसला की त्यांना तो केल्याशिवाय राहवत नसे.

"तेहेतीस पूर्णांक पंचाहत्तर," ते म्हणाले.

मागच्या रांगेतून सत्तिबाबूचा आवाज आला. अगदी साधा आवाज. "बावगारू, ऐंशीपैकी पासला किती लागतात?"

"अठ्ठावीस."

"आणि हिला?"

मास्तरांनी फळ्यावर बोट ठेवलं. "सत्तावीस."

"म्हणजे एकाने गेली."

एकाने जाणं म्हणजे काय, हे त्या मांडवात शाळा, तारीख, वारासकट जाणणारे किमान पंधरा लोक बसले होते. सगळ्यांनी मास्तरांकडे बघितलं. वरहालम्माही बघत होत्या, आणि त्यांचं सुख आता कुठल्या कुठे गेलं होतं. त्यांना नवऱ्याचा सत्तावीस वर्षांपूर्वीचा आग्रहाचा भात आठवत होता.

"विषयवार सांग," मास्तर म्हणाले. हे ते नेहमी विचारायचे.

"इंग्रजीत चाळिसापैकी सात. गणितात वीस."

"गणितात पन्नास टक्के," मास्तर पटकन म्हणाले. "म्हणजे गणितात पास आहे. इंग्रजीत गेली." सगळा मांडव वळून निवृत्त इंग्रजीचे मास्तर कामेश्वरराव ह्यांच्याकडे बघायला लागला. ते पुलिहोऱ्यातले शेंगदाणे फार लक्षपूर्वक मोजत होते.

मग पेरय्या मास्तरांनी मुलीकडे हात पुढे केला आणि खडू परत घेतला. बिंदूला वाटलं, आता लिहितील नापास आणि खाली सही करतील, तशीच त्यांची पद्धत होती. मास्तर फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. एवढा वेळ त्यांना कधी कुठल्या गणिताला लागला नव्हता. शेवटी त्यांनी सत्तावीसच्या पुढे एक अधिक काढला. त्याच्यापुढे एक काढला. तो एक जरा वाकडा आला. खाली लिहिलं : अठ्ठावीस.

"पास," ते म्हणाले.

टाळ्या पडणार होत्या, पण सत्तिबाबू उभा राहिला होता. बेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला, तीन पोरांचा बाप, आणि त्याची हनुवटी नववीतल्या पोरासारखी थरथरत होती. "हे बरोबर नाही, बावगारू," तो म्हणाला. "हिला दिला. मग माझा?"

मास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला. "सत्ती," ते म्हणाले, "वहीत नोंद आहे तुझी. मी रोज तुझ्या पाटीखालून वाकून जातो, ते काय दार लहान आहे म्हणून? चल, पस्तीस. आजच्या तारखेने पास."

मग जो गोंधळ झाला तो सांगायची सोय नाही. पंधराचे वीस झाले. न्हावी आला, दूधवाला आला, एक बाई आपल्या वारलेल्या नवऱ्याचं प्रकरण घेऊन आल्या. पुलिहोरा निवला तरी रांग हलेना. मास्तरांच्या घरून जुन्या गुणवह्या आणल्या गेल्या आणि देवळाच्या पायरीवर बसून मास्तरांनी प्रत्येक चौतीसवाल्याला लाल शाईने एकेक मार्क दिला, त्या बाईंच्या वारलेल्या नवऱ्यालाही. सगळ्यांच्या शेवटी सरपंच गंगराजू छाती काढून पुढे आला. मास्तरांनी वही चाळली.

"तुला तेहेतीस आहेत."

"मग दोन द्या की, मास्तर. मांडव माझा आहे."

"ग्रेस एकाचीच असते," मास्तर म्हणाले. "चौतीस. नापास. उन्हाळ्यात ओसरीवर ये, ताक मिळेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर आणि बिंदू नेहमीसारखे हॉटेलात गेले. सत्तिबाबू शिडीवर चढून पाटीवरच्या चाराचा पाच करत होता. खाली उतरून त्याने स्वतःच्या हाताने पेसरट्टू वाढला, आल्याची चटणी वाढली, आणि पास झालेल्या माणसाच्या आत्मविश्वासाने विचारलं, "बावगारू, चटणी कशी आहे?"

मास्तरांनी चाखली. विचार केला. "चौतीस."

"एक ग्रेस?"

"कालच संपली."

सत्तिबाबू तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलत आत गेला, पण दुसरा पेसरट्टू आणला तोही चांगला कुरकुरीतच.

घरी परतताना दोघं फ्लेक्सजवळून गेले. बिंदूला तो उतरवायचा होता. कुणीतरी रात्रीतून सातावर लाल रंग फासून त्याचा आठ केला होता, आणि आठ सुरेख होता, पेदलंकात असा आठ एकच माणूस काढायचा. बिंदूला दुसरंच विचारायचं होतं. ते विचारायला तिला कालव्याचा पूल येईपर्यंत वेळ लागला.

"नान्ना, मी दोन महिन्यांनी पुन्हा परीक्षा देते. इंग्रजीचा अभ्यास करते." ती थांबली. "तुम्ही फोनवर शाब्बास म्हणाला होतात. ते चुकीच्या गणितावर म्हणाला होतात. परत घेणार का?"

मास्तर दहा पावलं तसेच चालले. तिला वाटलं ऐकू गेलं नसेल.

"कालपासून तेच तपासतोय," ते म्हणाले. "गणित चुकलं होतं. शाब्बास बरोबर आहे. ते राहू दे."

आणि मग तिचा चेहरा दिसू नये म्हणून की आपला दिसू नये म्हणून कोण जाणे, ते पुढे होऊन भराभर चालायला लागले. बिंदूने घरी गेल्यावर वहीचं मागचं पान उघडलं, तिथल्या "बरं"च्या खाली तो शब्द लिहिला, आणि तारीख फोनच्या दिवसाची घालावी की आजची ह्यावर बराच वेळ विचार करत बसली.